डिफ लॉक, एकतर्फी ब्रेक आणि लो गिअर : एका काकांना उत्तर

काका, नमस्कार.

ट्रॅक्शन कंट्रोलचं कौतुक करणाऱ्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'इलेक्ट्रॉनिक नखरे शोरूमच्या फरशीवर ठीक. आमच्या येळ्ळूरच्या शिवारात ये, मग ट्रॅक्शन कंट्रोल म्हणजे काय ते कळेल. डिफ लॉक नाही ती गाडी फोर बाय फोर नव्हेच. आणि लो गिअर लावून गोगलगायीसारखं सरकायचं तर बैलगाडी काय वाईट?' असं तुम्ही लिहिलंत. (नवख्यांसाठी: डिफ लॉक म्हणजे एका आसाची दोन्ही चाकं एकत्र बांधून टाकणारी सोय; लो गिअर म्हणजे वेग कमी करून जोर वाढवणारी जास्तीची गिअरजोडणी.) वर पुतण्याच्या थारचा दाखला दिलात: ती शेतातून निघाली, मित्राची लॉक नसलेली गाडी तिथंच बसली. तीस वर्षं ट्रॅक्टर चालवलेल्या माणसाशी चिखलावरून वाद घालायला भीती वाटते. तरी घालतो, कारण माझा साक्षीदार तुमचा ट्रॅक्टरच आहे.

आधी माझी चूक कबूल करतो. लेखात मी 'ट्रॅक्शन कंट्रोल' हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला. एक प्रकार चाक घसरलं की इंजिनचा जोर कमी करतो. ओल्या डांबरावर तो देवासारखा; चिखलात मात्र नेमका जोर हवा तेव्हाच गाडी मान टाकते. तिथं तो बटण दाबून बंदच करायचा. दुसरा प्रकार इंजिनला हात लावत नाही, फक्त फुकट फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतो. मी कौतुक केलं ते या दुसऱ्याचं, पण तसं लिहिलं नाही.

आता बैलजोडी घ्या. जू मधोमध खिळीवर फिरतं असेल आणि एक बैल ढिला पडला, तर दुसरा कितीही दांडगा असला तरी त्याची ओढ जू तिरकं करण्यात जाते. डिफरन्शियल, म्हणजे इंजिनचा जोर आसाच्या दोन चाकांत वाटणारा गिअरसंच, त्याचं तसंच आहे. दोन्ही चाकांना जोर सारखा मिळतो, आणि तो ठरवतं कमी पकड असलेलं चाक. हवेत लटकलेल्या चाकाला फिरायला 50 न्यूटनमीटर (चाक फिरवणारा जोर मोजायचं एकक) पुरत असतील, तर जमिनीवरच्या चाकालाही 50च मिळतात. लॉक लावला म्हणजे जू दांडीला घट्ट बांधलं. मग ज्या बैलाचे पाय रोवलेत तो एकटा ओढतो.

ब्रेकवाली पद्धत काय करते? ढिल्या बैलाला मागून दावं बांधते. लटकलेल्या चाकावर ब्रेकने 600चा अडसर घातला, की दुसरीकडेही साधारण 650 जातात. नवीन वाटतं का? तुमच्या ट्रॅक्टरला उजव्या-डाव्या चाकाच्या ब्रेकची दोन वेगळी पेडलं आहेत, रस्त्यावर ट्रॉली घेऊन निघताना आपण ती एकमेकांना अडकवतो. शेतात एक चाक नुसतं फिरायला लागलं की त्या बाजूचं पेडल हलकंच दाबणारे तुम्हीच ना? काका, तुम्ही गेली तीस वर्षं पायानं ट्रॅक्शन कंट्रोल चालवताय! टाचेखाली डिफ लॉकचं पेडल असूनही.

पण वरचा हिशोब पुन्हा बघा. एका चाकाला 650 द्यायला इंजिनला 1300 काढावे लागले, त्यातले 600 ब्रेक तापवण्यात गेले. इथं लो गिअर लागतो. थारमध्ये लो लावला की चाकावरचा जोर 2.48 पट होतो, जिमनीत दुप्पट. लो नसताना ब्रेकवाली गाडी चढावर गुदमरते, मग माणूस क्लच घासतो आणि जांबोटीपर्यंत वास येतो. शिवाय पुतण्याच्या थारमधला मागचा लॉकही आपोआप लागतो, तोसुद्धा दोन चाकांच्या वेगात मिनिटाला शंभरेक फेऱ्यांचा फरक पडल्यावर. म्हणजे आधी चाक घसरायलाच हवं. तुम्ही म्हणता तसा हाताने, आधीच लावून ठेवायचा लॉक फोर्सच्या गुरखा गाडीत आहे, पुढे आणि मागे दोन्हीकडे.

लॉकची दुसरी बाजू मला खानापूरच्या पश्चिमेला कळली. पावसाळ्यात तांबडी माती, खाली जांभा, रस्ता एका अंगाला उतरता. मागचा लॉक लावून मी निघालो आणि गाडीचं ढुंगण सरळ चरात. कारण साधं आहे: लॉक नसता तर एक चाक फिरलं असतं, दुसरं अंग धरून राहिलं असतं. लॉकमुळे दोन्ही एकदम सुटली, आणि सुटलेलं चाक उताराकडेच जातं. लॉक काढून, लो पहिल्यात, ब्रेकवाल्या यंत्रणेवर हळूहळू वर आलो. (सरकारी कच्च्या रस्त्यावर हं. भीमगडच्या जंगलात गाडी घुसवणाऱ्यांशी माझी सोयरीक नाही.)

तुमच्या येळ्ळूरच्या काळ्या रानात मात्र तुमचं बरंचसं खरं. ती माती टायरच्या खाचांत भरली की टायर साबणाच्या वडीसारखा होतो. चारही चाकं सारखीच घसरायला लागली की ब्रेकवाल्या यंत्रणेला अडवावं कुणाला तेच कळत नाही. पण मग लॉक तरी काय करणार? तो पकड वाटतो, निर्माण करत नाही. दोन्ही चाकं इमानदारीनं सारखी खणत जातात आणि गाडी पोटावर बसते. चिखलणीला तुम्ही लोखंडी केजव्हील (पिंजऱ्यासारखी चाकं) चढवता ते याचसाठी ना, डिफ लॉक असूनही?

आणि गोगलगायीचा टोमणा त्या मातीपुरता मी खिशात घालतो. चिकट चिखलात लो पहिला चुकीचाच. लो दुसरा-तिसरा टाकून चाक जरा जोरात फिरतं ठेवावं, म्हणजे खाचांतली माती भिरकावली जाते. खडकावर, चढावर आणि मुख्य म्हणजे उतारावर मात्र लो पहिला. कणकुंबीकडच्या एखाद्या निसरड्या उतरणीवर ब्रेक दाबला की चाक अडतं आणि गाडी घसरते. तिथं इंजिनच गाडी धरून ठेवतं. त्या उतरणीवर डिफ लॉक तुमच्या काय कामाचा, ते सांगा.

पुतण्याला एक विचारा: त्या दिवशी टायरमध्ये हवा किती होती, आणि मित्राच्या गाडीत किती? दोन्ही गाड्यांचे टायर कुठले होते? तुम्ही ते लिहिलेलं नाही, आणि माझा संशय लॉकपेक्षा तिथंच जास्त आहे.