बर्बन आणि वरची कवळी

जावयाच्या घरी सासऱ्याने काय काय गिळावे याला आपल्याकडे काही मर्यादा आहेत. लुईव्हिलमध्ये त्या नाहीत. केंटकीतल्या या शहरात आमची मुलगी राहते आणि जावईबापूंना बर्बनचा, म्हणजे मक्याच्या अमेरिकन व्हिस्कीचा, नाद आहे. माझ्याकडे मद्यसेवनाचा आजन्म परवाना असला, तरी त्याच्या बळावर वर्षाकाठी दोन-चार पेग रम, तीही भरपूर पाण्यात आणि शेंगदाण्यांच्या आधाराने, याहून पुढे मी कधी गेलेलो नाही. त्यामुळे शनिवारी जेवणाआधी माझ्यापुढे निमुळत्या तोंडाचा पेला ठेवून ते "बाबा, ही जरा वेगळी आहे," असे म्हणाले, तेव्हा मी आधी शेंगदाणे शोधले. शेंगदाणे नव्हते. वही आणि पेन होते.

बाटलीवर वय ३ वर्षे आणि जोर १२९ प्रूफ असे छापलेले होते. अमेरिकेत प्रूफ म्हणजे मद्यार्काच्या टक्क्यांची दुप्पट, म्हणजे ही ६४.५ टक्के झाली. आपली रम ४२.८ वरच थांबते. पाणी न घालता पिंपातून जशीच्या तशी भरलेली म्हणून हिला 'कास्क स्ट्रेंथ' म्हणायचे. पिंपात भरताना ती ६२.५ टक्क्यांहून कडक नसावी असा तिथला कायदा आहे, हे ऐकल्यावर वरचे दोन टक्के कुठून आले असे मी विचारले, कारण उभा जन्म हिशेब तपासण्यात गेलेल्या माणसाला भरल्यापेक्षा जास्त निघालेला माल पाहून गप्प बसवत नाही. गोदामाचे वरचे मजले उन्हाळ्यात इतके तापतात, की लाकडातून मद्यार्कापेक्षा पाणी लवकर उडून जाते. माल घटतो आणि जोर चढतो. निवृत्तीनंतर यांचेही असेच झाले आहे, असे आमच्या सौ. स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

बाटली भरणाऱ्याची स्वतःची भट्टी नव्हती. हे लोक दुसऱ्यांची भरलेली पिंपे विकत घेतात आणि आपल्या नावाने बाटल्या काढतात. मूळ भट्टीचे नाव बरेचदा गुप्त राहते, राज्य मात्र छापावे लागते. लेबलावर फक्त 'इंडियाना' होते. मुलगा चांगल्या घरचा आहे, आडनाव विचारू नका, अशा थाटाचे हे स्थळ होते.

तोंड किंचित उघडे ठेवून हुंगायचे असते, हे मला तोंड मिटून हुंगल्यावर सांगण्यात आले. डोळे पुसून होतात तोच "काय जाणवतंय?" असा प्रश्न आला. जावईबापूंना व्हॅनिला, करपवलेली साखर आणि चामडे जाणवत होते. मला पॉलिश वाळायच्या आत दार उघडलेले नवे कपाट जाणवत होते. मग घोट घ्यायचा आणि तो चक्क चावायचा. याला 'केंटकी च्यू' म्हणतात. मी आज्ञाधारकपणे चावला. माझी वरची कवळी अजून नवी आहे, आणि तिच्या व टाळूच्या मधल्या फटीत शिरलेला एक थेंब तिथेच बिऱ्हाड थाटून बसला. पाण्याने तो हलेना, जिभेला सापडेना, आणि जावयासमोर कवळी काढण्याइतकी आमची सलगी अजून झालेली नाही.

"मका," मी कसाबसा म्हणालो. "कच्चा मका. आणि सुताराचं दुकान."

जावईबापू उभेच राहिले. बर्बनमध्ये किमान ५१ टक्के मका लागतो आणि ती आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपात मुरवावी लागते. तीनच वर्षांत धान्याचा कच्चेपणा गेलेला नसतो आणि लाकूड तर अजून हमरीतुमरीवर असते, म्हणजे बाबांनी बरोबर ओळखले! वहीत 'बाबा : मका, सुतार' अशी नोंद झाली. मी रडत होतो ते कवळीमुळे, हे मी सांगितले नाही.

मग त्यांनी पेल्यात चमचाभर पाणी सोडले. तेलकट रेघा फिरल्या, भपका ओसरला आणि खालून अगदी स्वच्छ, लोणावळ्याची चिक्की वर आली. गूळ आणि खरपूस भाजलेले शेंगदाणे. संध्याकाळभर शोधत होतो ते पेल्यातच होते. दुसरा घोट मी न सांगता घेतला, मात्र चावला नाही.

एवढ्यात सौ. पदराला हात पुसत आल्या, त्यांनी दुरूनच एकदा वास घेतला आणि "होमिओपॅथीच्या गोळ्या," म्हणून परत गेल्या. जावईबापूंनी तेही लिहून घेतले, माझ्या मक्याच्या वर, आणि खाली रेघ मारली.