दोन स्टारवाल्या रिव्ह्यूला उत्तर: फ्लेमिंगो, चिखल आणि पिठलं-भाकरी

नमस्कार ताई,

निफाडजवळच्या नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात आम्ही मुलांची सहल नेली, तिच्यावरचा तुमचा रिव्ह्यू वाचला. दोन स्टार दिलेत, ठीक आहे, तुमचा हक्क आहे. पण हे बाकीचे पालकही वाचणार म्हणून नीट उत्तर देतोय, जरा लांबेल. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की पोस्टरवर फ्लेमिंगो होते आणि मुलाला एकही दिसला नाही, एवढ्या थंडीत पहाटे नेलं, दोन तास नुसते पक्षी मोजत बसवलं, मग चिखलात हात घालायला लावले, सरांना काही विचारलं तर ते उलट मुलांनाच विचारतात म्हणजे त्यांनाच येत नसणार, रॅपलिंग नाही झिपलाइन नाही, आणि एवढी फी घेऊन जेवायला पिठलं-भाकरी.

आधी फ्लेमिंगो. नांदूरमध्यमेश्वरला पिंजरे नाहीत हो. गोदावरी आणि कादवा मिळतात तिथला तो जुना बंधारा, त्यात वर्षानुवर्षं गाळ साचला, उथळ पाणी झालं, बेटं झाली, गवत वाढलं आणि त्यामुळे पक्षी यायला लागले. 2020 च्या जानेवारीत महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं ते ह्याच जागेचं नाव. आता पाणी किती उथळ राहणार हे वरच्या धरणांतून किती सोडलं आणि कालव्यांना किती गेलं त्यावर ठरतं. फ्लेमिंगो चोच उलटी धरून पाण्यातलं गाळून खातो, पाणी चढलं की त्याची सोय होत नाही, तो दुसरीकडे उथळ जागा बघतो. त्या दिवशी पाणी चढलेलं होतं आणि तुमच्या मुलाच्या बॅचने हे कारण स्वतः वहीत लिहिलंय. पोस्टरवर फोटोखालीच लिहिलेलं आहे की पक्षी दिसण्याची खात्री देता येत नाही, तेवढी ओळ वाचायची राहिली असेल.

पहाटेचं म्हणाल तर पक्षी सकाळीच जास्त हलतात, खातात, आणि ऊन तापलं की पाण्यावरची हवा थरथरायला लागते, मग दुर्बिणीतून बदक आणि ढेकूळ सारखंच दिसतं. निफाडची थंडी काय असते ते नाशिककरांना मी काय सांगू, पारा उतरल्याच्या बातमीत निफाडचं नाव असतंच. स्वेटर, कानटोपीचा मेसेज ग्रुपवर दोनदा टाकला होता.

आता मोजणी, कारण तिथेच खरा कार्यक्रम होता आणि तुम्ही त्यालाच टाइमपास म्हणालात. बदकांचा थवा एक एक करून मोजता येत नाही. आधी दहा मोजायचे, ते दहा किती जागा व्यापतात ते डोळ्यात बसवायचं, मग तेवढ्या मापाने अख्खा थवा पुढे पुढे मोजत जायचं. तिघांनी वेगवेगळं मोजायचं, एकमेकांचा आकडा बघायचा नाही. मग कुणाचे दोनशे येतात, कुणाचे साडेतीनशे, आणि भांडण सुरू होतं. तुझा आकडा जास्त कसा, तू वारकरी (बदकासारखा दिसणारा काळा पाणपक्षी) पण बदकात धरलेस का, मधेच बुडी मारलेला परत वर आला तो दोनदा मोजलास का. सहावी-सातवीची पोरं आपण काढलेल्या आकड्यावर शंका घ्यायला शिकतात, आणि दरवर्षी जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते, 1987 पासून चालू आहे, तिथेही मोठे थवे असेच अंदाजाने मोजतात. थापट्या बदक चोचीने पाणी कसं गाळतं, तलवार बदक डोकं खाली शेपूट वर करून का खातं, हे ह्या दोन तासांतच दिसलं, बसल्याशिवाय दिसत नाही.

चिखल अभयारण्यातला नव्हता, तिथे पाण्यात उतरायचं नाही आणि काही उचलायचंही नाही हा नियम आम्ही मुलांच्या आधी पाळतो. तो बाहेरचा ओढा होता, शेतमालकाला विचारून. वाहत्या पाण्यातल्या दगडाखाली एक प्रकारचे किडे सापडले आणि साचलेल्या, वास मारणाऱ्या गाळात बारीक लालभडक अळ्या. तुमच्या मुलाने विचारलं ह्या लाल का. सर म्हणाले, कुठे सापडल्या ते आधी सांग, वाहत्या पाण्यात का नाहीत ते सांग. ह्यालाच तुम्ही ‘येत नसणार’ म्हणताय. अर्धा तास पोरं डोकं खाजवत होती, मग एकीने सांगितलं की साचलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी असणार, आणि त्यानंतर सरांनी सांगितलं की ह्या अळ्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, आपल्या रक्तात असतं त्यातलंच, म्हणून लाल आणि म्हणून कमी ऑक्सिजनमध्येही तग धरतात. पहिल्या मिनिटाला उत्तर दिलं असतं तर वहीत एक ओळ झाली असती आणि संध्याकाळपर्यंत विसरली असती. घरी त्याने अर्धीच गोष्ट सांगितली असेल तर वही उघडून बघा, ओढ्याचं चित्र आहे त्याच्या मागच्या पानावर.

पिठलं-भाकरीला नावं ठेवलीत ते मात्र लागलं बुवा 🙂 गावातल्या मावशी चुलीवर करतात, पैसे त्यांना जातात, आणि त्या दिवशी बहुतेक पोरांनी परत मागून घेतली. फीमध्ये बस, दुर्बिणी, स्कोप, पाणी तपासायचं किट आणि दर आठ मुलांमागे एक शिकवणारा माणूस येतो, हिशोब मागा, पाठवतो. रिफंड देणार नाही कारण जे सांगितलं होतं ते सगळं झालंय.

राहिलं रॅपलिंग. ते आम्ही करत नाही, पुढेही करणार नाही, त्र्यंबक रोडला आणि इगतपुरीकडे ते करणारे चांगले लोक आहेत, मुलाला त्याची आवड असेल तर खुशाल तिकडे पाठवा. पण तो बसमधून उतरताना आमच्या ताईंना विचारत होता की गिधाडं बघायला अंजनेरीला कधी नेणार, म्हणून एकदा त्यालाही विचारून घ्या.