कायुस, रुफुस आणि ‘ध’चा ‘मा’

गेल्या महिन्यात लेकीनं शाळेतून मेणाची पाटी आणली. लाकडाच्या फळीत उथळ खोबण, त्यात ओतलेलं मेण आणि लिहायला एक टोकदार काडी. काडीचं दुसरं टोक चपटं, त्यानं घासलं की अक्षर पुसतं. दोन हजार वर्षांपूर्वी रोममधली मुलं अशाच पाटीवर लिहायची. कोलोनमधल्या तिच्या शाळेत सहावीला लॅटिन आहे आणि त्याच्या जोडीनं वर्गात एक गोष्टीचं पुस्तक वाचणं चालू आहे : हेन्री विंटरफेल्ड यांचं, १९५३ सालचं, ‘कायुस मठ्ठ आहे’ अशा नावाचं.

गोष्ट प्राचीन रोममधली. रुफुस नावाचा मुलगा वर्गात पाटीवर लिहितो, ‘कायुस मठ्ठ आहे’. दुसऱ्या दिवशी हीच ओळ, अगदी त्याच्याच अक्षरात, देवळाच्या भिंतीवर दिसते. देवळाची विटंबना म्हणजे गंभीर गुन्हा. रुफुसला तुरुंगात टाकतात आणि त्याचे वर्गमित्र तपासाला लागतात. पुढचं सांगत नाही, मुलांबरोबर वाचा. पॉम्पेईच्या उत्खननात एका भिंतीवर ‘कायुस गाढव आहे’ असं कुणीतरी खरडलेलं सापडलं होतं, त्यावरून विंटरफेल्डना ही गोष्ट सुचली. ते स्वतः १९३३ साली जर्मनी सोडून निघाले आणि ऑस्ट्रिया, फ्रान्स करत १९४० मध्ये अमेरिकेला पोचले. ज्याला आपला देश सोडावा लागला, त्यानं निरपराध पोरावर आळ आल्याची गोष्ट लिहावी, हे मला फार लागलं.

जेवताना लेकीनं विचारलं, “आई, आपल्याकडे आहे का अशी गोष्ट?” मी म्हटलं, आहे की. पुणं, शनिवारवाडा, ३० ऑगस्ट १७७३. जेमतेम अठराचे नारायणराव पेशवे, ‘काका, मला वाचवा’ ही हाक, गारदी. राघोबादादांच्या हुकुमात ‘धरावे’ होतं, त्याचं आनंदीबाईंनी ‘मारावे’ केलं. लेकीनं घास तसाच ठेवला. “तो कागद कुठे आहे? तिनंच केलं हे कुणी पाहिलं? तिला कुणी विचारलं का?”

मी चाळीस वर्षं ही गोष्ट ऐकते आहे. मला यातला एकही प्रश्न कधी पडला नव्हता.

नंतर शोधलं, तर ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्यानं लिहिलेल्या मराठ्यांच्या इतिहासात ही हकीकत मिळाली. तो छापला गेला १८२६ साली, म्हणजे खुनानंतर ५३ वर्षांनी. आनंदीबाईंचं नाव घेताना तोही लोकांच्या समजुतीचाच हवाला देतो. आपल्याला रामशास्त्र्यांचं ‘देहान्त प्रायश्चित्त’ पाठ असतं. पण त्या निकालापर्यंत ते पोचले कसे, कुणाकुणाला त्यांनी काय विचारलं असेल, हे शाळेत कधी कुणी बोललं नाही. आपल्या मुलांना आपण निकाल देतो, तपास देत नाही.

हे मी कॉलेजच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिलं आणि वाद पेटला. एका मैत्रिणीचं म्हणणं, “आधी पोरांना अभिमान वाटू दे, शंका मोठेपणी काढतील. इतिहास म्हणजे काय कोडं आहे?” तिची तळमळ मला कळते. तिकडे पोरं मराठी वाचत नाहीत म्हणून ती रोज जीव टाकते. आणि हेही खरं की कोलोनला हे सोपं जातं. इथे बंकर खोदताना १९४१ साली रोमन काळातली अख्खी मोझेक फरशी सापडली. तिच्याशी आज कुणाचं घराणं, कुणाची जात जोडलेली नाही. आपल्याकडे पेशव्यांचं नाव काढलं की समोरचा माणूस कोण, हे आधी बघावं लागतं. जानेवारी २००४ मध्ये शिवाजी महाराजांवरच्या एका पुस्तकाच्या वादातून, जुनी हस्तलिखितं जपणाऱ्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला तेव्हा मी पुण्यात शिकत होते. त्या नासधुशीच्या बातम्या वाचताना पोटात पडलेला खड्डा अजून आठवतो.

तरीही मैत्रिणीचं मला पटत नाही. मोठेपणी शंका काढता यायला लहानपणी सवय लागावी लागते. ज्या पोरानं ‘हा कागद खरा कशावरून?’ असं एकदा तरी विचारलंय, ते उद्या मोबाइलवर आलेला कुठलाही मजकूर डोळे झाकून पुढे ढकलणार नाही. आणि अभिमानाचं म्हणाल, तर आपल्या लेकीला मराठी इतिहासाबद्दल एवढं कुतूहल मी याआधी कधीच पाहिलं नव्हतं. जुन्या पुण्यातल्या पेठांत, एखाद्या कारकुनाच्या पोरांना घेऊन अशी तपासकथा कुणीतरी लिहायलाच हवी. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीतले कोट्यवधी कागद पडून आहेत. गोष्टींचा तुटवडा नाही.

त्या रात्री तिनं मेणात ‘ध’ काढला आणि त्याचा ‘मा’ करायला बसली. गाठ खाली येईना. चपट्या टोकानं पुसल्याशिवाय जमेना, आणि पुसलं की मेणावर डाग राहायचा. मग माझ्या लक्षात आलं, तो हुकूम देवनागरीत कशाला असेल, तो मोडीतच असणार. तिनं विचारलं, “मग मोडीत काढून दाखव.” मला मोडी येत नाही. माझ्या आजोबांना येत होती, ते जमिनीचे कागद घडाघडा वाचायचे.

दादाला निरोप केलाय, आजोबांच्या ट्रंकेतलं ते जुनं खरेदीखत काढ आणि नीट उजेडात धरून फोटो पाठव. लेक रोज विचारते, मामाचा फोटो आला का.