एक पंचमांश विमान

बुटांसकट वजनकाट्यावर उभं राहण्यासाठी मी अठरा हजार डॉलर मोजले. बायको हे वाक्य दिवसातून दोनदा ऐकवते, म्हणून आधी मीच लिहून टाकतो.

बाकीची हकीकत थोडक्यात. न्यू जर्सीत राहून, सत्तेचाळिसाव्या वर्षी, मी छोटं विमान चालवायचं लायसन्स काढलं. नियमाप्रमाणे किमान 40 तासांचं उड्डाण लागतं. मला 71 लागले. (शिक्षक म्हणायचा, "घाई कसली?" म्हणणारच, तो तासावर पैसे घेत होता.) पुढे शाळेचंच विमान भाड्याने घ्यावं, तर शनिवार-रविवार महिनाभर आधी भरलेले. अशात एअरपोर्टच्या नोटीस बोर्डावर चिठ्ठी दिसली: सेस्ना 172, मॉडेल 1978, पाचातला एक हिस्सा विकणे आहे. मीही मॉडेल 1978च. मला तो शुभशकुन वाटला. त्या क्षणी मला माझे गुडघे आठवायला हवे होते.

या विमानाचे पाच मालक, पण खरा मालक एकच. त्याला मी 'खजिनदार' म्हणतो. वय अठ्ठ्याहत्तर, आयुष्यभर हिशेबनीस म्हणून नोकरी, पँटला पट्ट्याऐवजी खांद्यावरून घेतलेले इलॅस्टिकचे गॅलिस, कानामागे पेन्सिल. विमानाची किल्ली हँगरमधल्या, म्हणजे विमान ठेवायच्या शेडमधल्या, एका खिळ्याला असते आणि तो खिळा त्याच्या खुर्चीच्या मागे आहे. ही किल्ली गोदरेजच्या कपाटाच्या किल्लीपेक्षाही लहान आणि पातळ. पार्ल्यात आमच्या सोसायटीत पाण्याच्या मोटरची किल्ली सेक्रेटरींच्या दाराआड अशीच टांगलेली असायची. ती मागायला मला लहानपणी पाठवायचे आणि सेक्रेटरी आधी विचारायचे, "मागच्या महिन्याचा मेंटेनन्स भरला का रे बाबांनी?" सात समुद्र ओलांडून मी त्याच दारात पुन्हा उभा होतो.

खजिनदार माझ्याशी अर्थातच इंग्रजीत बोलतो, त्याच्या 'यू'चं मराठीत 'तू' करायचं की 'तुम्ही', हा प्रश्न मला पडला होता. काट्याचा प्रसंग घडला आणि प्रश्न सुटला.

"वजन?" त्याने पेन्सिल काढून विचारलं.

"एकशे पंचाहत्तर पौंड."

"कधी?"

"कधी म्हणजे?"

"कधी होतं?"

मी म्हटलं, लायसन्सच्या मेडिकलच्या वेळी. त्याने मान हलवली, टेबलाखालून बाथरूममध्ये ठेवतात तसला एक काटा पायाने बाहेर ओढला आणि त्यावरची धूळ फुंकली. मी बूट काढायला वाकलो.

"अनवाणी उडणार आहेस का?"

"नाही."

"मग राहू दे. जॅकेटपण. हेडसेट हातात धर. ती बॅगसुद्धा."

बॅगेत बायकोने दिलेला डबा होता. थालीपीठ आणि दही. दह्यासकट मी काट्यावर चढलो. काटा 193 वर थांबला. तेवढ्यात आमचा चौथा भागीदार, जो दाताचा डॉक्टर आहे, आत आला आणि सभ्यपणे पंख्याकडे बघत उभा राहिला. खजिनदाराने तो आकडा वहीत लिहिला, आणि मला वाटलं संपलं. नाही. भिंतीवर पांढरा बोर्ड आहे, त्यावर सगळ्या भागीदारांची नावं आणि वजनं आहेत. माझं नाव त्याला लिहिता येईना, म्हणून त्याने लिहिलं: 'नवीन, 193'.

"आणि मिसेस?"

"मी तिला कधी विचारलेलं नाही."

"मग घेऊन ये."

यामागचं गणित चूक नाही, हीच तर चीड आहे. या मॉडेलला उडताना एकूण 2,300 पौंडांची मर्यादा. आमच्या विमानाचं रिकामं वजन 1,430. राहिले 870. दोन्ही पंखांतल्या टाक्या भरल्या की वापरता येईल असं पेट्रोल 40 गॅलन, गॅलनला सहा पौंड, म्हणजे 240 गेले. उरले 630. चार खुर्च्यांत वाटले तर माणशी एक्काहत्तर किलो, आणि तेही बॅगेशिवाय. थोडक्यात, विमान चार सीटचं आहे, फक्त त्यात चार माणसं बसवायची नाहीत. वन बीएचकेच्या जाहिरातीत 'प्रशस्त' लिहितात त्यातलाच प्रकार. 1932 साली जेआरडी टाटा कराचीहून निघून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले तेव्हा पस मॉथ विमानात टपाल होतं. आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावरची ती धावपट्टी, त्यामुळे ही गोष्ट मी लहानपणापासून अभिमानाने सांगत आलोय. तिथे टपालाचं वजन करत असतील. करूच देत. टपालाला लाज नसते.

घरी सांगितल्यावर बायको शांतपणे म्हणाली, "तुझ्या पाचव्या हिश्श्यात मला काट्यावर उभं करणं बसतं का?" पुढे म्हणाली, तू उडत जा, मी गाडीने येते, बघू आधी कोण पोचतं. गंमत अशी की वारा समोरून असला तर हायवेवर तीच जिंकेल अशी शक्यता आहे.

खरी गोष्ट मला दुसऱ्या आठवड्यात दिसली. बोर्डाच्या सगळ्यात वर खजिनदाराचं नाव आहे, पुढे 190, आणि त्यापुढे अगदी बारीक अक्षरात तारीख: 1996. हा माणूस पायरीवर पाय ठेवतो तेव्हा अख्खं विमान त्याच्या बाजूला कलतं. मी दाताच्या डॉक्टरकडे बघितलं. डॉक्टरने पुन्हा पंख्याकडे बघितलं. किल्ली खिळ्याला आहे आणि खिळा खुर्चीमागे आहे.

पैशांचंही तेच. हिस्सा घेताना मला सांगितलं होतं, इंजिन उत्तम आहे. स्थळ सुचवणारी मावशी "मुलगा शांत आहे" म्हणते त्या सुरात. सही झाल्यावर कळलं की हे इंजिन 2,000 तासांनी पूर्ण उघडून नव्यासारखं करायचं असा कंपनीचा सल्ला आहे, आणि आमचं 1,840 वर आहे. ज्या गृहस्थाने मला हिस्सा विकला त्याने 1,840 तासांतले चांगले तास उडवले आणि फ्लोरिडाला राहायला गेला. मी विचारलं, या कामासाठीच्या इंजिन फंडातले त्याच्या वाट्याचे पैसे? खजिनदार म्हणाला, "तू त्याचा हिस्सा घेतलास ना? मग सगळंच घेतलंस." हे मला विनोदी वाटत नाही. लिहिताना हसू येईल असं वाटलं होतं, तेही येत नाहीये.

कोर्टात जावं, तर तिथेही इतिहास आडवा येतो. अपघातांनंतरच्या नुकसानभरपाईच्या दाव्यांना कंटाळून सेस्ना कंपनीने 1986 साली ही विमानं बनवणं थांबवलं होतं. अठरा वर्षांहून जुन्या छोट्या विमानासाठी बनवणाऱ्या कंपनीवर सहसा दावा लावता येणार नाही, असा कायदा 1994 मध्ये झाला आणि त्यानंतर कुठे 172 पुन्हा बनायला लागली. म्हणजे 1978 च्या विमानाच्या पाच मालकांना खेचायला फक्त एकमेकंच उरले.

परवाच्या रविवारी माझी पाळी दोन ते चार. पावणेदोनला पोचलो, तर खिळा रिकामा आणि विमानही नाही. खजिनदार पेनसिल्व्हेनियात नाश्त्याला गेला होता. इथल्या हौशी वैमानिकांची ही रीतच आहे, दहा-पंधरा डॉलरच्या खाण्यासाठी शंभर-दोनशे डॉलरचं पेट्रोल जाळायचं. सव्वादोनला तो उतरला. मी काही बोललो नाही. निमूटपणे पंखाखाली वाकून टाकीतलं थोडं पेट्रोल पारदर्शक नळीत घेतलं, उजेडाकडे धरलं. फिकट निळं, नीळ घातलेल्या पाण्यासारखं. तळाशी साध्या पाण्याचा थेंब नाही ना, ते बघायचं असतं. नव्हता. माझा राग जरा उतरला. हा निळा रंग बघितला की उतरतो.

इतक्यात मागून खजिनदाराचा आवाज आला, "जेवून आलास?"

मला एकदम भरून आलं. इतक्या वर्षांत या देशात हा प्रश्न मला कुणी परक्याने विचारला नव्हता. मनात म्हटलं, म्हातारा वरून फणस आहे.

"हो," मी म्हणालो. "पोटभर."

त्याने मान हलवली, बोर्डापाशी गेला, मार्कर उघडला आणि 193 पुसून 195 केलं.