शाळेत पहिला नंबर होता, म्हणून आताचा त्रास खोटा?

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतोय. सारांश असा: एडीडी (लक्ष टिकवता न येण्याचा त्रास) हा लहान मुलांचा आजार, शाळेत भरपूर मार्क मिळवणाऱ्याला तो कॉलेजात अचानक होत नाही. गेम तासन्‌तास खेळता येतो, मग पुस्तकच का नको? हा मोबाईलचा परिणाम आणि आळस. आणि एवढीच शंका असेल तर मित्राची एडीडीवरची गोळी घेऊन बघा, लक्ष लागलं तर आजार खरा.

मी कॉलेजात शिकवते. हा मजकूर माझ्या विद्यार्थ्यांनीही वाचलाय, म्हणून लिहिते आहे.

‘अचानक होत नाही’ हे खरंच आहे. डीएसएम या निदानपुस्तिकेच्या 2013 च्या आवृत्तीनुसार काही लक्षणं वयाच्या 12 वर्षांआधीच दिसलेली असावी लागतात. पण असणं वेगळं आणि कुणाच्या लक्षात येणं वेगळं. शाळेत रोजचा गृहपाठ रोज तपासला जातो, घरी कुणीतरी दप्तर भरून घेतं, परीक्षा आली की समोर बसवतं. हुशार मूल एवढ्या आधारावर निभावून नेतं. कॉलेजात सबमिशन सहा आठवड्यांनी असतं आणि मधल्या काळात कुणी विचारत नाही. शिवाय वर्गात दंगा न करता खिडकीबाहेर बघत बसणाऱ्या मुलांची तक्रार कोण करणार? अतिचंचलतेशिवायही हा त्रास असू शकतो, हे डीएसएमने 1980 मध्येच नोंदवलंय.

माझ्या एका विद्यार्थिनीची वही मी पाहिली आहे. प्रत्येक लेक्चरची तारीख, मथळा, खाली पट्टीने मारलेली रेघ. दोन ओळी सुवाच्य, तिसरी अर्ध्यात तुटलेली, पुढे पान कोरं. प्रोजेक्ट तिने रात्रभर जागून पूर्ण केला होता आणि तो चार दिवस तिच्याच बॅगेत पडून होता. द्यायचाच राहिला. विचारलं तर रडायला लागली. ‘मॅडम, मी आळशीच आहे,’ म्हणाली. लहानपणापासून हेच ऐकलेलं. आळशी माणूस रात्र जागवून प्रोजेक्ट करतो का?

गेमचं म्हणाल, तर या त्रासात लक्ष नसतंच असं नाही, ते हवं तिथे वळवता येत नाही. गेममध्ये क्षणाक्षणाला काहीतरी हाती लागतं. पुस्तकाचं फळ महिन्यांनी मिळतं.

मोबाईलने लक्ष विचलित होतं, हे मान्य. पण जॉर्ज स्टिल या डॉक्टरांनी लंडनमधल्या व्याख्यानांत अशा मुलांचं वर्णन केलं ते 1902 मध्ये.

गोळीचा सल्ला मात्र घातक आहे. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ रॅपोपोर्ट आणि सहकाऱ्यांनी 1978 मध्ये असा कुठलाही त्रास नसलेल्या मुलग्यांना डेक्स्ट्रोॲम्फेटामिन हे याच त्रासावरचं औषध दिलं. त्यांचंही लक्ष सुधारलं आणि चुळबुळ कमी झाली. म्हणजे गोळी लागू पडली यावरून निदान होत नाही. या औषधांनी नाडी आणि रक्तदाब वाढतो, झोप उडते. हृदयाचा विकार असलेल्याला ती जिवावर बेतू शकतात. कृपा करून कुणाचीही गोळी घेऊ नका.

लक्ष लागत नाही म्हणजे एडीडीच, असंही नाही. अपुरी झोप, चिंता, नैराश्य, थायरॉईड, रक्ताची कमतरता, यांनीही तसंच होतं. म्हणून मानसोपचारतज्ज्ञ सवडीने विचारतात. वय 17 किंवा त्याहून जास्त असेल तर लक्ष न लागण्याच्या नऊपैकी किमान पाच लक्षणं, सहा महिने, एकाहून अधिक ठिकाणी, आणि त्यांनी रोजचं काम अडतंय का हे पाहतात. जमल्यास आईवडिलांशी बोलतात, जुने कागद मागवतात.

ती मुलगी तपासणीला गेली तेव्हा शाळेची प्रगतिपुस्तकं घेऊन गेली. सगळीकडे मार्क उत्तम. आणि तिसरीपासून दरवर्षी, वेगवेगळ्या अक्षरांत, जवळपास एकच शेरा: ‘हुशार आहे, पण लक्ष नसते.’