‘एक रुपया झाला की कोट्यधीश’: शिबा इनूचा हिशेब कुठं चुकतो

व्हॉट्सअ‍ॅपवर सतत फिरणाऱ्या मजकुराचा सारांश असा: शिबा इनू हा क्रिप्टो कॉइन एका पैशाच्याही खाली मिळतोय, म्हणजे स्वस्त आहे. दहा हजारांचे घेऊन ठेवा, भाव एक रुपया झाला की एक कोटी. कॉइन जाळले (म्हणजे कायमचे चलनाबाहेर काढले) जाताहेत, त्यामुळं भाव चढणारच. मार्केट कॅप (चलनातल्या सगळ्या कॉइनची मिळून किंमत) मोठं, म्हणजे पैसा आत आहे. व्हॉल्यूम (दिवसभरातली खरेदी-विक्री) भरपूर, म्हणजे हवं तेव्हा विकता येईल.

‘स्वस्त’ इथंच पहिली चूक आहे. चलनात सुमारे ५८९ लाख कोटी शिबा आहेत. भाव एक रुपया झाला तर मार्केट कॅप ५८९ लाख कोटी रुपये होईल. भारताचा २०२४-२५चा जीडीपी साधारण ३३० लाख कोटी रुपये होता. भावातली शून्यं २०२० मध्ये ठरवलेल्या पुरवठ्यातून आली आहेत: तेव्हा १,००० लाख कोटी कॉइन बनवले गेले.

‘जाळण्या’चंही गणित मांडून बघा. मे २०२१ मध्ये इथेरियम या क्रिप्टो नेटवर्कचे सहसंस्थापक विटालिक ब्युटेरिन यांनी त्यांच्याकडं पाठवलेल्यांपैकी सुमारे ४१० लाख कोटी शिबा जाळले. उरलेले म्हणजे हे ५८९. आता रोज एक कोटी जाळले तरी ते संपायला १ लाख ६१ हजार वर्षं लागतील. ‘बर्न रेट (जाळण्याचा वेग) ५,००० टक्के वाढला’ ही बातमी फक्त कालच्या आकड्याशी केलेली तुलना असते. टक्केवारी सोडा, किती कॉइन जळले ते वाचा.

मार्केट कॅप म्हणजे आत आलेला पैसा नव्हे. शेवटच्या सौद्याचा भाव गुणिले चलनातले कॉइन, एवढंच. १०० कोटी कॉइन असतील आणि पाच हजारांच्या एका सौद्यानं भाव १ रुपयावरून १.१० झाला, तर कॅप १० कोटींनी फुगतं. उतरतानाही तसंच.

व्हॉल्यूमवर तर सर्वांत कमी विसंबावं. एकच माणूस दोन खात्यांतून स्वतःशी खरेदी-विक्री करून तो वाढवू शकतो. मार्च २०१९ मध्ये बिटवाइज या क्रिप्टो गुंतवणूक कंपनीनं अमेरिकेच्या एसईसी या शेअर बाजार नियामकापुढं मांडलं होतं की तेव्हा दाखवला जाणारा ९५ टक्के बिटकॉइन व्हॉल्यूम खोटा किंवा निरर्थक आहे. शिवाय वेबसाइटवरचा आकडा जगभरच्या एक्स्चेंजांची बेरीज असतो. तुम्ही विकणार तुमच्या एक्स्चेंजवरच्या शिबा-रुपया जोडीत, म्हणजे शिबा देऊन रुपये घेणार. तिची ऑर्डर बुक (लागलेल्या खरेदी-विक्रीच्या ऑर्डरींची यादी) उघडा आणि चालू भावाच्या २ टक्के खालपर्यंत किती रुपयांच्या खरेदीच्या ऑर्डरी लागल्यात ते मोजा. तिथं ४० हजारच असतील आणि तुम्ही एक लाखाची मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाला विका) टाकली, तर उरलेले ६० हजारांचे कॉइन त्याहूनही खालच्या भावाला जातील. लिमिट ऑर्डर (तुम्ही ठरवलेल्या भावाखाली न विकणारी) लावा आणि विक्रीवरचा १ टक्का टीडीएस हिशेबात धरा. तोटा झाला तर तो दुसऱ्या क्रिप्टोच्या नफ्यातूनही वजा करता येत नाही.