ईजीआरला चकती बसवण्याचा सल्ला : कुठे चुकतो?

जुन्या डिझेल गाड्यांच्या मालकांमध्ये एक सल्ला हातोहात फिरतो आहे : ईजीआर (एक्झॉस्ट गॅस रीसर्क्युलेशन) व्हॉल्व्हच्या तोंडाशी पत्र्याची चकती बसवून तो कायमचा बंद करा; पिकअप वाढेल, इंजिन स्वच्छ राहील आणि पीयूसीही विनासायास मिळेल.

आधी पिकअपचे पाहू. हा व्हॉल्व्ह जळलेल्या वायूंचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडतो; त्यामुळे आत जाणाऱ्या हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण घटते, ज्वलनाचे कमाल तापमान उतरते आणि नायट्रोजनची ऑक्साइडे कमी तयार होतात. मात्र हे काम इंजिनावर भार कमी असतानाचे आहे; अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की सुस्थितीतला व्हॉल्व्ह मिटतो. जो मिटलेलाच आहे, तो चकतीने बंद करून घाटात जोर कसा वाढणार? तरीही फरक जाणवत असेल, तर व्हॉल्व्ह उघडाच अडकलेला असण्याची शक्यता सर्वांत मोठी. माझ्या २०११ सालच्या गाडीत हेच झाले होते. चढावर ती दम टाकायची आणि मागून काळा धूर यायचा. व्हॉल्व्ह उतरवला, तेव्हा आत डांबरासारखी चिकट काजळी साचलेली होती आणि झडप दोन-तीन मिलिमीटर उघडी राहिलेली स्पष्ट दिसत होती. कार्बोरेटर क्लीनर आणि ब्रशने तासाभरात ती मोकळी झाली, पिकअप परतला.

इंजिन स्वच्छ राहते, हे अर्धेच खरे आहे. काजळी ईजीआरमार्गे येते, हे मान्य. पण तिचा घट्ट लगदा होतो तो ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातल्या वाफा बाहेर सोडणाऱ्या नळीतून येणाऱ्या ऑइलच्या वाफेमुळे, आणि ती वाफ चकतीने थांबत नाही. काजळी फार होत असेल, तर इंजेक्टर आणि एअर फिल्टर आधी तपासावेत.

गाडीतले बिघाड वाचणाऱ्या स्कॅनरवर ‘पी०४०१’ हा कोड आला म्हणजे व्हॉल्व्ह गेला, असेही ठामपणे सांगितले जाते. कोड एवढेच सांगतो की वायूचा प्रवाह अपुरा आहे. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या रचनेत वळणावर चिरलेला रबरी पाइप, बिघडलेला सोलेनॉइड (व्हॅक्यूम सोडणारी-रोखणारी विद्युत झडप), तुंबलेला मार्ग किंवा आत येणारी हवा मोजणारा, पण मळलेला एअर फ्लो सेन्सर यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. सेन्सर यासाठी, की डिझेल गाडीचा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) बहुधा त्याच्याच मापावरून हा प्रवाह ताडतो. म्हणूनच चकती बसवल्यावर पुष्कळ गाड्यांत हाच कोड पुन्हापुन्हा येतो, आणि चेक इंजिनचा दिवा सतत पेटलेला असला की उद्याचा दुसरा बिघाड त्याच दिव्याआड लपतो.

राहिली पीयूसी. त्या चाचणीत डिझेल गाडीच्या केवळ धुराची घनता मोजतात; नायट्रोजनची ऑक्साइडे मोजलीच जात नाहीत. ईजीआर बंद केल्यावर काजळी घटते, त्यामुळे अशी गाडी पूर्वीपेक्षाही चांगल्या आकड्याने उत्तीर्ण होऊ शकते. वाढलेला वायू मात्र ना यंत्राला दिसतो ना डोळ्यांना. सिग्नलला आपल्या मागे दुचाकीवर थांबलेल्या माणसाच्या श्वासनलिकेला तो जाणवतो.